जिन : कापसाची आणि गलबताची

आपल्या खानदेशात 'जिन' म्हटलं की डोळ्यांपुढे कापूस येतो. सरकी वेगळी करणारी यंत्रं, रुईचे ढीग आणि फाटकाबाहेर लागलेली बैलगाड्यांची रांग. या जिनचं नाव 'एंजिन' या शब्दाच्या पोटातून निघालं. पण त्याच नावाची एक दारूही आहे. तिचं नाव एका झाडावरून आलं. दोघींचं नातं इतकंच, की दोन्ही आपल्याकडे जहाजातून आल्या. आज मी बोलणार आहे ते त्या दुसऱ्या जिनबद्दल.

ते झाड म्हणजे जुनिपर. आपल्या आयुर्वेदात त्याच्या फळांना हपुषा म्हणतात. पोटाच्या तक्रारींवर ती दिली जात. युरोपातही जुनिपर औषधीच मानलं जाई. हॉलंडमधल्या लोकांनी धान्याच्या दारूला या फळांचा वास दिला आणि तिला 'जेनेव्हर' म्हटलं. इंग्रज शिपायांनी आणि खलाशांनी ती तिथे चाखली आणि नाव तोडून 'जिन' केलं. १६८९ साली हॉलंडचा विल्यम इंग्लंडच्या गादीवर बसला. फ्रेंच ब्रँडीची वाट अडवली गेली आणि देशी धान्याची दारू गाळायला मोकळीक मिळाली. परिणाम असा झाला, की लंडनच्या गरीब वस्त्या जिनमध्ये बुडाल्या. अखेर १७५१च्या कायद्याने तिला थोडा लगाम बसला.

आता समुद्राकडे वळू. महिनोन्‌महिने चालणाऱ्या सफरीत पिंपातलं पाणी शेवाळायचं, बिअर आंबायची. कडक दारू मात्र टिकायची. इंग्रजी आरमारात साध्या खलाशाला रोजची रम मिळे. ही प्रथा थेट ३१ जुलै १९७० रोजी बंद झाली. अधिकाऱ्यांची पसंती जिनला. आरमाराचं मोठं ठाणं असलेल्या प्लिमथमध्ये १७९३पासून जिन गाळली जाते. दारूत पाणी मिसळलेलं नाही ना, हे पाहण्याची एक जुनी परीक्षा सांगतात : बंदुकीच्या दारूवर ती ओतायची आणि काडी लावायची. पेट घेतला तर माल खरा. त्यासाठी दारूत सुमारे ५७ टक्के मद्यार्क लागतो. आजही एवढ्या कडक जिनच्या बाटलीवर आरमाराचं नाव मिरवलं जातं.

पण समुद्रावरचा खरा शत्रू तहान नव्हे, आजार होता. हिरड्यांतून रक्त येऊन माणसं मरत. त्या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. १७४७ साली जेम्स लिंड या आरमारी डॉक्टरनं आजारी खलाशांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबं मिळालेले सर्वांत लवकर उठून बसले. तरीही आरमारानं लिंबाचा रस सर्वांना सुरू केला तो १७९५ साली. मधल्या अठ्ठेचाळीस वर्षांत किती जीव गेले असतील, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. हाच रस पुढे जिनमध्ये मिसळला जाऊ लागला.

दुसरा आजार आपल्या ओळखीचा : हिवताप. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याला त्याची थंडी वेगळी सांगायला नको. सिंकोना झाडाच्या सालीतून १८२० साली फ्रान्समध्ये क्विनीन वेगळं काढलं गेलं. इंग्रजांनी १८६०च्या सुमारास निलगिरीत सिंकोना लावला. आपल्या महाबळेश्वरजवळ लिंगमळ्यालाही प्रयोग झाला, पण तिथे तो फसला. क्विनीन अतिशय कडू. ते साखरेच्या फसफसत्या पाण्यात घालून विकायची युक्ती निघाली. १८५८ साली लंडनमध्ये अशा टॉनिक पाण्याचं पेटंट घेतलं गेलं. त्या पाण्यात जिन ओतून हिंदुस्थानातले साहेब पीत राहिले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आजच्या टॉनिक पाण्यात क्विनीन नावापुरतं असतं. अमेरिकेत लिटरमागे ८३ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. मोठ्या माणसाच्या उपचाराला दिवसाला साधारण १८०० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे रोज वीस लिटरांहून अधिक पाणी! तेव्हा ताप आला की रक्त तपासायचं आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पूर्ण घ्यायच्या. पेला हे औषध नव्हे.

जहाजातली दारू खानदेशात जिनच्याही आधी पोहोचली होती. सुरतेहून बुऱ्हाणपूरची वाट नंदुरबार, थाळनेर, चोपड्यावरून जाई. १६१५ साली इंग्रजांचा वकील सर टॉमस रो याच वाटेनं आला. बुऱ्हाणपुरात शहाजादा परवेझला त्यानं दारूच्या बाटल्यांची पेटी नजर केली. शहाजाद्यानं ती इतकी मनावर घेतली, की पुढची भेट होऊच शकली नाही. इंग्रजांनी इथून एक शब्दही उचलला. दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला या पाच वस्तूंच्या पेयाला ते 'पंच' म्हणू लागले. हा आपलाच 'पाच' असं मानलं जातं.

साहेबाच्या पेल्याची ही हकिगत रंजक आहे, पण तिची दुसरी बाजूही आहे. साहेबाची बाटली बंदरात राजरोस उतरत होती. आदिवासीच्या घरची मोहाची भट्टी मात्र मुंबई इलाख्यात १८७८च्या अबकारी कायद्यानं गुन्हा ठरली. स्वतःच्या झाडाच्या फुलांची दारू त्याला ठेकेदाराच्या दुकानातून विकत घ्यावी लागली. कर्ज वाढलं, जमिनी गेल्या. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांमधून 'देवी'ची चळवळ उठली. दारू सोडा, हा तिचा आदेश डोंगर चढून गुजरातेत आणि खानदेशातही आला. पुढे १९३०च्या दशकात तळोद्याकडे गुला महाराजांनी हजारो आदिवासींना दारूपासून दूर नेलं. ठेकेदारांना ते मुळीच रुचलं नाही.

दारूच्या इतिहासात औषध, व्यापार आणि कर हे तिघे नेहमी एकत्र चालताना दिसतात. औषध आता वेगळं झालं आहे. लिंबू आणि क्विनीन यांना जिनची गरज उरलेली नाही. व्यापार आणि कर मात्र अजून तिच्याबरोबरच आहेत. म्हणून कुणी बाटलीचे औषधी गुण सांगू लागला, तर त्यातून पैसा कुणाच्या खिशात जातो आहे, एवढं आपण जरूर विचारावं.