नामेकवरची पाच मिनिटं

नामेक ग्रह पाच मिनिटांत फुटणार, असं खलनायक फ्रीझा नायक गोकूला बजावतो. 'ड्रॅगन बॉल झी' ही ॲनिमे मालिका ज्यांनी पाहिली त्यांना विचारा, ती पाच मिनिटं किती लांबली ते. भागामागून भाग आले, आठवडे उलटले, तरी ग्रह फुटेना. कारण साधं होतं. अकिरा तोरियामा यांची मूळ मांगा चित्रकथा तेव्हा जपानी साप्ताहिकात सुरूच होती आणि १९८९ ते १९९६ या काळात २९१ भाग चाललेली ही मालिका तिच्या पाठोपाठ धावत होती. मांगाला गाठायचं नाही, म्हणून दृश्यं ताणायची. काळ सगळा दिग्दर्शकाच्या मुठीत होता.

तीच कथा जानेवारी २०२० मध्ये 'ड्रॅगन बॉल झी: काकारॉट' या ॲक्शन रोल-प्लेइंग गेममध्ये आली. फुकुओका शहरातल्या सायबरकनेक्ट टू या स्टुडिओनं तो बनवला, बांदाई नामकोनं बाजारात आणला. आता ती मूठ उघडणं भाग होतं, कारण लढाईतला काळ खेळणाऱ्याच्या अंगठ्याखाली जातो. चित्र कुणीतरी हातानं काढल्यासारखं दिसायला हवं आणि बटण दाबताक्षणी हलायलाही हवं. या दोन मागण्या सहजासहजी एकत्र नांदत नाहीत. त्यांना एकत्र नांदवण्यात जे विज्ञान लागतं, ते मला या खेळातलं सर्वांत देखणं काम वाटतं.

मी ही मालिका कार्टून नेटवर्कवर हिंदीतून पाहिली. गेम मात्र यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत, बारा वर्षांच्या भाच्याशेजारी बसून खेळलो. सुरुवात निवांत आहे. गोकू आपल्या लहानग्या मुलाला, गोहानला, घेऊन रानात फिरतो, कमरेला खोटी शेपटी लावून तिनं मासे पकडतो. मी त्याला उन्हात उभं केलं आणि कॅमेरा त्याच्याभोवती सावकाश फिरवला. नारिंगी कपड्यावर उजेड संपतो आणि सावली सुरू होते ती एका स्पष्ट कडेवर. मधली छटा जवळजवळ नाहीच.

खऱ्या जगात असं होत नाही. पृष्ठभागावर प्रकाश किती पडेल हे तो कुठल्या कोनातून येतो यावर ठरतं. योहान लॅम्बर्ट यांनी १७६० मध्ये हा नियम मांडला : उजेडाचं प्रमाण त्या कोनाच्या कोसाइनइतकं. म्हणून माथ्यावरच्या उन्हात अंगण तळपतं आणि सूर्य कलला की तेच अंगण मऊ होतं. संगणकही हेच गणित पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी करतो आणि शून्य ते एक यांमधला आकडा काढतो. वास्तववादी गेममध्ये तो आकडा जसाच्या तसा वापरतात, मग गालावर उजेड हळूहळू विरत जातो. 'टून शेडिंग'मध्ये एक उंबरठा ठरवतात. आकडा त्याच्या वर गेला तर उजळ रंग, खाली राहिला तर गडद. बाकीची सगळी माहिती टाकून दिली जाते. रांगोळीत रेघेच्या आत एकच सपाट रंग भरावा, तसं.

आणि ती रेघ? तिच्यासाठीची सर्वांत रुळलेली युक्ती मला फार आवडते. पात्राच्या त्रिमिती आकाराची एक प्रत काढायची, ती किंचित फुगवायची, काळी करायची आणि तिची फक्त पाठीमागची बाजू दाखवायची. मूळ आकृती त्या काळ्या कवचाच्या पोटात बसते आणि कडेनं जेवढं कवच डोकावतं, तेवढी शाईची रेघ दिसते. कॅमेरा कुठूनही फिरवा, रेघ सोबत येते.

चेहरा मात्र या गणिताला दाद देत नाही. नाकाजवळ, गालाखाली सावलीची वेडीवाकडी ठिगळं पडतात, जी कुठलाही चित्रकार काढणार नाही. तेव्हा चेहऱ्याचा कुठला भाग कुठल्या दिशेला तोंड करून आहे, ही माहितीच कलाकार हातानं बदलतात. संगणक ती खरी मानतो आणि सावली चित्रकाराला हवी तिथेच पडते. आर्क सिस्टम वर्क्स या स्टुडिओनं २०१४ च्या 'गिल्टी गिअर एक्सआरडी'मध्ये आणि पुढे २०१८ च्या 'ड्रॅगन बॉल फायटरझी'मध्ये हे काम कमालीच्या निगुतीनं केलं.

प्रकाशाचं असं जमतं. काळाचं जास्त अवघड.

चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम धावतात. पण ओसामु तेझुका यांच्या १९६३ मधल्या 'ॲस्ट्रो बॉय'पासून जपानी टीव्ही ॲनिमेनं काटकसर अंगी बाणवली. एकच चित्र तीन फ्रेमपर्यंत तसंच ठेवायचं, म्हणजे सेकंदाला आठच चित्रं पुरतात. त्या ठेक्याची डोळ्याला इतकी सवय झाली आहे, की फार सुळसुळीत हालचाल ॲनिमेसारखी वाटतच नाही. म्हणून 'गिल्टी गिअर'च्या मंडळींनी संगणक आपणहून भरतो त्या मधल्या हालचाली काढूनच टाकल्या. पण खेळणाऱ्याचा अंगठा आठ चित्रांवर थांबत नाही. 'काकारॉट' आधीच्या पिढीच्या कन्सोलवर सेकंदाला ३० फ्रेम दाखवायचा, म्हणजे एक फ्रेम सुमारे ३३ मिलिसेकंदांची. २०२३ मध्ये नव्या कन्सोलवर तो ६० वर गेला आणि फ्रेम १६.७ मिलिसेकंदांवर आली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं, तेवढ्यात अशा कितीतरी फ्रेम सरतात.

या मिलिसेकंदांचा अनुभव आम्हाला गोकूचा भाऊ रॅडिट्झ याच्याशी झालेल्या लढाईत आला. मी तीनदा हरलो. भाचा म्हणाला, "मामा, तू उशिरा दाबतोयस. तो थांबून अंगाभोवती तेज साठवायला लागला ना, की तिथेच समजायचं." डोळ्यानं पाहून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. यापेक्षा वेगानं येणारा हल्ला पाहून चुकवणं शक्यच नाही, त्याची चाहूल आधी मिळावी लागते. म्हणून प्रत्येक मोठ्या प्रहाराआधी शत्रूला तयारीची मुद्रा दिलेली असते. ॲनिमेत हीच मुद्रा नाट्यासाठी असते, इथे ती आपल्या मज्जातंतूंना दिलेली मुदत आहे.

त्या मुदतीतून आमचा जुना टीव्हीसुद्धा हिस्सा खात होता. चित्र गुळगुळीत आणि झळझळीत करण्यासाठी टीव्ही प्रत्येक फ्रेमवर प्रक्रिया करतो, त्यात अनेक मिलिसेकंद जातात. सेटिंगमध्ये जाऊन 'गेम मोड' चालू केला आणि पुढच्याच फेरीत मला शत्रूचे दोन वार चुकवता आले. घरी खेळणारं मूल असेल तर एवढं जरूर करून बघा.

ठोसा बसतो तेव्हा आणखी एक सुंदर गोष्ट घडते. बहुतेक ॲक्शन गेममध्ये त्या क्षणी दोन्ही पात्रं काही फ्रेम गोठवतात. त्याला 'हिटस्टॉप' म्हणतात. पडद्यावर कुणालाच वजन नसतं, पण त्या थबकण्यातून मेंदू वजन ताडतो. कामेहामेहा या गोकूच्या ऊर्जाकिरणाचंही तसंच. मालिकेत गोकू तो उच्चारता उच्चारता मिनिटं घालवू शकतो, गेममध्ये बटणं दाबली की तो सुटायलाच हवा. पण त्यासाठी लागणारी 'की' ही ऊर्जा साठवायला बटण धरून उभं राहावं लागतं आणि तेवढ्यात शत्रू तुटून पडू शकतो. मालिकेनं ताणलेल्या वेळाची किंमत इथे आपण धोका पत्करून मोजतो.

चौथ्या फेरीत भाच्यानं कंट्रोलर घेतला आणि रॅडिट्झला लोळवलं. मग बटणं निकामी झाली. पडद्यावर गोकूनं रॅडिट्झला मागून घट्ट धरलं, आणि लढाईतला साथीदार पिकोलो याचा किरण दोघांच्याही आरपार गेला. १९८० च्या दशकात तोरियामांनी कागदावर जे ठरवलं होतं, ते कितीही चपळ अंगठ्याला बदलता येत नाही. भाच्याला हे आधीच माहीत होतं, तरी तो थोडा वेळ काही बोलला नाही. पुढचा भाग उघडला तेव्हा त्याच्या हाती गोहान आला होता, ओसाड रानात एकटा.