प्रवाशाचा हक्क आणि रहिवाशाचे घर

युरोपातील पर्यटनाचे नियमन समजून घेताना आधी एक विसंगती ध्यानात घ्यावी लागते. जगातील सर्वाधिक परदेशी पर्यटक ज्या खंडात जातात, त्या खंडातील सत्तावीस देशांच्या युरोपीय संघाला पर्यटनावर एकसमान कायदा करण्याचा अधिकारच नाही. १ डिसेंबर २००९ रोजी अमलात आलेल्या लिस्बन कराराने हा विषय संघाच्या कक्षेत स्वतंत्रपणे आणला खरा. परंतु संघाच्या कारभाराविषयीच्या करारातील १९५ व्या कलमाने संघाला केवळ सदस्य देशांच्या प्रयत्नांना साहाय्य करण्याची मुभा दिली आणि त्यांचे कायदे एका साच्यात बसवण्यास स्पष्ट मनाई केली. त्यामुळे हॉटेलांच्या तारकांचा अर्थही सर्वत्र सारखा नाही. काही देशांतील हॉटेल व्यावसायिकांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्र येऊन समान निकष स्वीकारले, पण फ्रान्स आणि इटली यांच्या पद्धती वेगळ्याच राहिल्या.

मुख्य दार असे बंद असले, तरी ग्राहकांचे संरक्षण, वाहतूक आणि सेवांची खुली बाजारपेठ या बाजूच्या दारांनी पर्यटनाचे नियमन फार पूर्वीच सुरू झाले होते, आणि त्याचा पहिला मानकरी होता प्रवासी. १३ जून १९९० च्या निर्देशाने पॅकेज टूर विकणाऱ्या कंपनीवर प्रवाशाप्रती उत्तरदायित्व टाकले. ‘निर्देश’ म्हणजे संघाने उद्दिष्ट ठरवून द्यायचे आणि प्रत्येक देशाने त्यानुसार ठरलेल्या मुदतीत आपला कायदा करायचा, अशी व्यवस्था. जर्मनीने ही मुदत पाळली नाही. १९९३ मध्ये तेथील काही सहल कंपन्या बुडाल्या, ग्राहकांचे पैसे अडकले, आणि त्यांनी कंपन्यांऐवजी थेट सरकारलाच न्यायालयात खेचले. संघाच्या न्यायालयाने १९९६ मध्ये असा निर्णय दिला की, निर्देश वेळेत न राबवल्यामुळे झालेले नुकसान राज्याने भरून दिले पाहिजे. सामान्य सहलकऱ्यांच्या दाव्यातून निघालेले हे तत्त्व युरोपीय कायद्याच्या अभ्यासात आजही पायाभूत मानले जाते.

त्या निर्देशाची जागा २०१५ च्या नव्या निर्देशाने घेतली आणि त्याचे नियम १ जुलै २०१८ पासून लागू झाले. प्रवास, मुक्काम, भाड्याची मोटार अशा किमान दोन वेगवेगळ्या प्रकारच्या सेवा एकाच सहलीसाठी एकत्र विकल्या की ते पॅकेज ठरते. मग ते कार्यालयात विकलेले असो वा संकेतस्थळावर. ठरलेली किंमत आठ टक्क्यांहून अधिक वाढवल्यास प्रवासी दंड न भरता करार मोडू शकतो, आणि कंपनी दिवाळखोरीत गेली तर त्याचे पैसे परत मिळण्याची व त्याला घरी परत आणण्याची तजवीज कंपनीने आधीच करून ठेवावी लागते. २३ सप्टेंबर २०१९ रोजी थॉमस कुक ही ब्रिटिश कंपनी कोसळली तेव्हा या तरतुदीची कसोटी लागली. ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने सुमारे दीड लाख प्रवाशांना मायदेशी आणले. जर्मनीत मात्र विम्याची मर्यादा ११ कोटी युरोंवर अडकली आणि उरलेला भार सरकारला उचलावा लागला. तेव्हा जर्मनीने २०२१ मध्ये सहल व्यवसायाच्या वर्गणीतून स्वतंत्र सुरक्षा निधी उभारला.

हे संरक्षण युरोपीय बाजारपेठेत विकल्या जाणाऱ्या पॅकेजांना आहे. मुंबई-पुण्यात विकत घेतलेल्या युरोप सहलीला भारतीय ग्राहक कायदा पाहावा लागतो. तरीही काही युरोपीय नियम मराठी पर्यटकालाही स्पर्श करतात. युरोपीय संघातील विमानतळावरून सुटणारे विमान रद्द झाले किंवा फार उशिरा पोहोचले आणि त्यामागे अपवादात्मक कारण नसेल, तर २००४ च्या युरोपीय कायद्यानुसार अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरोंची भरपाई मागता येते, आणि त्यासाठी प्रवाशाचे राष्ट्रीयत्व विचारले जात नाही. सहलीची बस साडेचार तासांच्या चालवणीनंतर पाऊण तास थांबते, तीही चालकाच्या सवडीने नव्हे. चालकांच्या विश्रांतीचा कायदा २००६ चा आहे आणि बसमधील यंत्र मिनिटामिनिटाची नोंद ठेवते. घाईत असलेल्या गटाला हा थांबा जाचक वाटतो, पण त्याच्या सुरक्षिततेचा तो सर्वांत भक्कम आधार आहे.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत मात्र कायद्याचे लक्ष प्रवाशाकडून रहिवाशाकडे वळले, आणि त्याचे कारण अल्पमुदतीच्या भाड्याची घरे हे आहे. महिनोन्‌महिने राहणाऱ्या भाडेकरूपेक्षा दोन-तीन रात्रींचा पाहुणा अधिक पैसे देतो, हे घरमालकांना उमगले आणि मध्यवस्तीतील घरे रहिवाशांच्या हातून निसटू लागली. शहरांना हे रोखायचे होते, पण कायदा सुरुवातीला त्यांच्या बाजूने नव्हता. अशा घरांची नोंदणी करून देणाऱ्या एअरबीएनबी या ऑनलाइन मंचाने फ्रान्समध्ये मालमत्ता दलालाचा परवाना घ्यावा, ही तेथील पर्यटन-निवास व्यावसायिकांची मागणी डिसेंबर २०१९ मध्ये निष्फळ ठरली. कारण संघाच्या न्यायालयाने एअरबीएनबीला दलाल नव्हे, तर माहिती तंत्रज्ञानावर आधारलेली सेवा मानले. नऊच महिन्यांनी, सप्टेंबर २०२० मध्ये, पॅरिसमधील दोन घरमालकांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की, दीर्घकालीन भाड्याच्या घरांची टंचाई दूर करणे हे सार्वजनिक हिताचे सबळ कारण असून त्यासाठी शहर पूर्वपरवानगीची अट घालू शकते. पहिल्या निकालाने मंचाला मोकळीक दिली आणि दुसऱ्याने घराला कायद्याच्या कक्षेत ठेवले. या दोहोंमधील फटीतूनच पुढची नगरधोरणे वाट काढत गेली. ॲमस्टरडॅमने वर्षाला तीस रात्रींची मर्यादा घातली, तर पॅरिसने मालकाच्या राहत्या घरासाठी असलेली १२० दिवसांची मर्यादा २०२५ पासून ९० वर आणली.

मर्यादा घालणे सोपे, ती मोडली जाते हे सिद्ध करणे कठीण. कारण कोणते घर किती रात्री दिले गेले याची माहिती मंचांकडे असते, महापालिकेकडे नसते. हीच उणीव दूर करण्यासाठी एप्रिल २०२४ मध्ये संघाने विनियम संमत केला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी २० मे २०२६ ही तारीख ठरवली. ‘विनियम’ हा निर्देशापेक्षा वेगळा असून देशांना आपापला कायदा न करताही तो थेट लागू होतो. जेथे नोंदणीची पद्धत आहे तेथे घराला नोंदणी क्रमांक मिळेल, तो जाहिरातीत दाखवावा लागेल आणि मोठ्या मंचांना दरमहा भाड्याची आकडेवारी सरकारी यंत्रणेकडे द्यावी लागेल. लक्षणीय बाब अशी की, हा विनियम पर्यटनाच्या कलमाखाली नव्हे, तर अंतर्गत बाजारपेठेच्या कलमाखाली केलेला आहे. किती दिवस भाडे द्यावे, हे तो ठरवत नाही. तो निर्णय स्थानिक सत्तेकडेच राहतो.

या स्थानिक सत्तेचा सर्वांत कठोर वापर बार्सिलोनाने केला आहे. जून २०२४ मध्ये महापौर झाउमे कोलबोनी यांनी शहरातील १०,१०१ पर्यटक-सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपुष्टात आणण्याचा मनोदय जाहीर केला. त्यामागील कॅटलान कायद्याला दिलेले आव्हान स्पेनच्या संविधान न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये फेटाळले. परवाने संपल्यावर ही घरे पुन्हा शहरवासीयांना भाड्याने किंवा विकत मिळावीत, ही महापालिकेची भूमिका आहे.