पडद्यावरची प्रार्थना

लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाचं दर्शन घ्यायचं तर सुमारे तीनशे पायऱ्या चढाव्या लागतात. गुडघे साथ देत नसतील तर डोलीत बसावं, नाहीतर पायथ्यावरूनच हात जोडावेत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि चढू शकणारेही खालीच राहिले. इकडे जुन्नर-आंबेगावातली देवळं, मशिदी, तिकडे वसईतली चर्चेस, सगळ्यांचीच दारं लागली. राज्यातली धर्मस्थळं पुन्हा उघडली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला. मधल्या काळात प्रार्थना मोबाइलवर आली. ती तिथे किती मावली?

दर्शन म्हणजे पाहणं, म्हणून आरती पडद्यावर बरीचशी मावते. कीर्तन जरा कमी; समोरून ‘विठ्ठल विठ्ठल’ची साथ आली नाही तर बुवांना रंग चढत नाही. कॅथलिक कुटुंबांनी मिस्साचं प्रक्षेपण घरी बसून पाहिलं, पण कम्युनियन प्रत्यक्ष घ्यावं लागतं, ते तारेतून येत नाही. म्हणून चर्चने मनोमन कम्युनियन घेण्याची प्रार्थना सांगितली.

आमच्या नमाजेचं गणित आणखी कडक. जमातीत खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, सफ म्हणजे रांग तुटू द्यायची नाही. त्यामुळे मोबाइलमधल्या इमामांच्या मागे नमाज होत नाही, असंच बहुतेक उलेमांनी सांगितलं. जुम्म्याऐवजी घरीच जोहर पढा, म्हणाले. २५ मे २०२० ची ईदही घरातच झाली. नमाजेनंतरची गळाभेट राहिली. नुसत्या शिरखुर्म्याने ईद होत नाही. अर्थात तोही हवाच!

मला स्वतःला पडद्याची खरी उणीव वेगळीच वाटते. सफेत रोज दिसणारे चाचा दोन दिवस आले नाहीत तर कुणीतरी त्यांच्या दारात जाऊन विचारतं, काय झालं? काकडआरतीला न आलेल्या माळकऱ्याचीही अशीच चौकशी होते. पडद्यावर फक्त आकडा दिसतो: पाहणारे पाचशे. त्यातला एक गळाला तर कुणाला कळणार?

म्हणून प्रक्षेपण बंद करा, असं मी म्हणणार नाही. रेडिओवरच्या सकाळच्या भक्तिगीतांवर आपल्या पिढ्या वाढल्या. रेडिओने मात्र आपण देऊळ आहोत, असं कधी म्हटलं नाही. गुडघे गेलेल्यांना आरती दिसत राहावी, आणि गड उतरून येणाऱ्याने प्रसादाचा पुडा घेऊन त्यांच्याकडे दोन घटका बसावं. कॅथलिक मंडळींत ही रीत जुनीच आहे. मिस्सानंतर आजाऱ्यांसाठी कम्युनियन घरी नेलं जातं. नेणारा दार वाजवतो, खाटेशी बसतो, औषध घेतलं का, तेही विचारतो.