जुनी शेगडी, नवी नळी

रात्रीचे साडेअकरा. आम्ही तिघी असाइनमेंटच्या ढिगात बसलेल्या. चहा नुकताच पिऊन झालेला. तेवढ्यात दारावर थाप पडली. दारात घरमालकीण आजी.

"अगं पोरींनो, गॅसचा वास येतोय. तुम्हाला कसा येत नाही?"

खरंच येत नव्हता. एकाच खोलीत तासभर बसलं की नाकाला वासाची सवय होते, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. दिवा बंद करायला मी हात पुढे केला, तर आजींनी तो धरलाच. "बटणाला हात लावू नकोस! चालूही नाही करायचं आणि बंदही नाही." त्यांनी स्वतः रेग्युलेटर बंद केला, खिडक्या-दारं सताड उघडली आणि आम्हाला बाहेर जिन्यात बसवलं. अर्धा तास आम्ही तिथे गप्प बसून होतो.

वास कुठून आला? आमच्या लाडक्या 'व्हिंटेज' शेगडीतून!

ओटा सव्वादोन फुटांचा

तुम्हीही शिकायला बाहेर राहत असाल, तर पुढची गोष्ट तुमच्या ओळखीची निघेल. मेसच्या त्याच त्या रस्सा-भाजीला कंटाळून आम्ही पुण्यात पेठेतल्या एका जुन्या इमारतीत दोन खोल्या घेतल्या. स्वयंपाकघर म्हणजे काळ्या कडप्प्याचा छोटासा ओटा, त्याला लागून मोरी आणि वर भांड्यांची मांडणी. मैत्रिणीच्या दादाने त्यांच्याकडची तीन बर्नरची काचेची शेगडी देऊ केली. टेप लावली, तर ओट्यावर जागा सव्वादोन फूट आणि शेगडी अडीच फूट. विषय संपला.

मग एकीच्या डोक्यात आलं, जुनं घर आहे तर शेगडीही जुनीच आणू. स्टीलची, दोन बर्नरची, जड पितळी बर्नरवाली. फोटोतही भारी दिसेल. रविवारी आम्ही थेट मंगळवार पेठेजवळच्या जुन्या बाजारात गेलो. नटबोल्टपासून ग्रामोफोनपर्यंत सगळ्या ढिगांमधून फिरलो आणि एका ताडपत्रीवर ती सापडली. बाराशे सांगितले, सातशेला दिली. "चालू आहे ताई, डोळे झाकून घेऊन जा." आम्ही खरंच डोळे झाकून घेऊन आलो. सोबत त्याने रबरी नळी फुकट दिली. आम्ही खूश.

दुसऱ्या दिवशी एजन्सीतून पाच किलोचा सिलिंडर आणला. (स्थानिक पत्त्याचा पुरावा नसेल, तरी ओळखपत्रावर हा मिळतो. कोपऱ्यावर चोरून भरून देतात त्या, वरच बर्नर बसवलेल्या टाकीच्या वाटेला जाऊ नका.) नळी जोडली, चहा केला, स्टोरी टाकली. त्याच रात्री आजींची थाप पडली.

फुगे कुठे आले?

सकाळी शेगडी दुरुस्त करणाऱ्या काकांना बोलावलं. त्यांनी वाटीत साबणाचा फेस केला आणि ब्रशने प्रत्येक जोडावर लावला. डाव्या नॉबच्या मुळाशी बारीक फुगे आले. आतलं ग्रीस वाळून गेलं होतं. मग त्यांनी ती फुकटची नळी हातात घेऊन वाकवली. वरून ठीक दिसणाऱ्या रबराला केसाएवढ्या भेगा! "ताई, शेगडी पन्नास वर्षं टिकेल. रबर नाही टिकत."

जुन्या शेगडीबद्दल कळायला हवं ते एवढंच आहे. लोखंड, स्टील, पितळ म्हातारं झालं तरी चालतं. रबर, ग्रीस आणि जोड मात्र नवेच हवेत. आपण नेमकं उलटं करतो. बॉडी घासून चकचकीत करतो आणि नळी तशीच ठेवतो.

काकांनी नॉब उघडून साफ केला, नवं ग्रीस भरलं, आतून तारेची जाळी असलेली केशरी 'सुरक्षा' नळी बसवली. मी मदतीचा आव आणत सुई घेऊन जेट साफ करायला निघाले, तर ओरडलेच. रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारायची आपल्या आज्यांची सवय गॅसला लावायची नाही. जेटचं भोक किती मोठं, यावर गॅस किती येणार हे ठरलेलं असतं. सुईने ते मोठं झालं की ज्योत पिवळी होते, भांडी काळी होतात आणि गॅसही वाया जातो. ज्योत निळी आणि स्थिर हवी.

गॅस कोणता, हेही विचारा

तुमच्या इमारतीत पाइपचा गॅस आला असेल, तर आणखी एक गोष्ट. सिलिंडरचा एलपीजी आणि पाइपचा पीएनजी हे वेगळे गॅस आहेत. पीएनजीला मोठ्या भोकाचे जेट लागतात. सिलिंडरची शेगडी तशीच पाइपला जोडली, तर ज्योत मरतुकडी येते. पाइपची शेगडी सिलिंडरला जोडली, तर भडका उडतो. जेट बदलायचं काम गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या.

मुंबईकरांनो, चोरबाजारात एखादा ओव्हनवाला बिडाचा विलायती कुकर दिसला, तर जरा थांबा. मुंबईत एकेकाळी बॉम्बे गॅस कंपनी कोळशापासून केलेला गॅस पाइपने पुरवायची. लालबागची गॅस कंपनी लेन हे नाव त्यातूनच आलं. कोळशाच्या गॅससाठी बनलेला कुकर आजच्या गॅसवर तसाच पेटवायचा नसतो. जाणकाराने बदल करून दिला नाही, तर त्यावर फक्त कुंड्या ठेवा.

मग परवडलं का?

खरं सांगायचं तर फारसं नाही. शेगडीचे सातशे, दुरुस्ती, नळी आणि दोन नॉब धरून साडेतेराशे झाले. थोडे पैसे घातले असते, तर नवी साधी शेगडी आली असती. पैसे वाचवायला जुनी घेणार असाल, तर आधी दुरुस्तीचा खर्च विचारा. नॉबच्या आतला व्हॉल्व्हच झिजला असेल आणि तसा मिळत नसेल, तर कितीही गोंडस असो, सोडून द्या.

आमची मात्र आता मस्त चालते. पितळी बर्नर घासून लखलखतात, दोन्ही बर्नरवर मोठी भांडी बसतात. आणि बाजूच्या आजी पहिल्या आठवड्यात रोज रात्री एकदा डोकावून जायच्या. "रेग्युलेटर बंद केलास का गं?" आता त्या येत नाहीत. आम्हीच झोपायच्या आधी एकमेकींना विचारतो.

शेगडी घेताना एवढं बघाच

* ओट्याची लांबी-रुंदी मोजूनच बाजारात जा. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी, सिलिंडर उभाच हवा.
* खिशात लोहचुंबक ठेवा. पितळेला तो चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे. चिकटला नाही, पण बर्नर हाताला हलका लागला, तर ॲल्युमिनियम असू शकतं.
* नॉब फिरवून बघा. ढिला किंवा अडकणारा नको. बंद जागेवर तो नीट बसला पाहिजे.
* आयएसआयचं चिन्ह शोधा. घरगुती एलपीजी शेगडीच्या मानकाचा क्रमांक ४२४६ आहे.
* जुन्यासोबत आलेली नळी फेकून द्या. नवी नळी दीड मीटरपेक्षा लांब नको. तिच्यावरची तारीख बघा आणि पाच वर्षांत बदला.
* गळती साबणाच्या फेसाने तपासा. काडी पेटवून कधीच नाही.
* वास आला तर आधी रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, बटणांना हात नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली जमिनीलगत साचतो. बाहेर येऊन १९०६ या नंबरवर फोन करा. हा नंबर चोवीस तास चालू असतो.