काचेच्या पेटीतला समुद्र

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या इंदूर नगरीत खाऱ्या पाण्यातील मासे पाळावेत, ही कल्पनाच आमच्या पिढीस नवलाची वाटेल. आमच्या लहानपणी समुद्रातील रंगीबेरंगी मासे पाहावयाचे, तर मुंबईच्या नातेवाइकांकडे जावे आणि मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयात काचेला नाक लावून उभे राहावे, एवढाच मार्ग होता. आता छत्रीबागेसारख्या जुन्या वस्तीतही, होळकरांच्या छत्र्यांपासून हाकेच्या अंतरावर, एखाद्या दिवाणखान्यात केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा जोकर मासा पोहताना दिसतो.

हा छंद जितका मोहक, तितकाच मनाला चटका लावणारा आहे. काल संध्याकाळी उत्साहाने दाणे टिपणारा मासा सकाळी तळाशी निपचित पडलेला आढळतो. अंगावर जखम नाही, पाणी तर आरशासारखे निर्मळ. मग तर्कवितर्क सुरू होतात. कोणी म्हणते, दृष्ट लागली. कोणी म्हणते, घरावरचे अरिष्ट माशाने आपल्या अंगावर घेतले. आणि पुष्कळदा सारा दोष घरातील सर्वांत लहान आणि दुर्बळ माणसाच्या माथी मारला जातो.

आमच्या परिचयाच्या एका घरी असेच घडले. दोन महिन्यांत पाच मासे दगावले. माशांना खाऊ घालण्याचे काम दहा वर्षांच्या नातवाकडे होते; साहजिकच ‘ह्यानेच जास्त घातले असेल’ असा निवाडा झाला. मुलगा हिरमुसला, पेटीकडे फिरकेनासा झाला. आम्ही शिक्षक, पुराव्यावाचून कोणा विद्यार्थ्यास शिक्षा झालेली आम्हांस रुचत नाही. म्हणून आम्ही आजोबांना एवढेच सुचविले की, मासे कोणत्या वारी गेले आणि त्याआधी तीन दिवसांत पेटीचे काय काय केले, ते आठवून कागदावर मांडावे.

कागद पुढे आला तेव्हा एक गोष्ट ठळक दिसली. प्रत्येक मृत्यू मंगळवारी किंवा बुधवारी झाला होता. आणि त्याआधीच्या रविवारी आजोबा स्वतः गाळणीतील स्पंज काढून नळाच्या धारेखाली पांढराशुभ्र होईतो धूत असत. “सर, घाण ती घाणच. ती ठेवायची कशी?” त्यांचा प्रश्न रास्त होता. २०१७ पासून वर्षामागून वर्षे स्वच्छतेत देशात पहिला क्रमांक मिळविणाऱ्या शहराचे ते नागरिक! परंतु त्या ‘घाणी’तच माशांचे प्राण होते.

हे कसे, ते समजून घेण्यासाठी इंदूरकरांना फार दूर जावयास नको. १९२४ ते १९३१ या काळात सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी येथील वनस्पती-उद्योग संस्थेत कंपोस्ट खताची ‘इंदूर पद्धत’ सिद्ध केली. यशवंत वाड या आपल्या मराठी सहकाऱ्यासह त्यांनी १९३१ साली लिहिलेला ग्रंथ जगभर गेला. काडीकचरा आणि शेण यांचे खत होते ते सूक्ष्म जीवांमुळे, आणि त्या जीवांना ओलावा व हवा दोन्ही लागतात, हे त्या पद्धतीचे मर्म. काचेच्या पेटीतही सूक्ष्म जीवांचाच कारभार चालतो. माशांचे उत्सर्जन आणि उरलेले खाद्य यांपासून अमोनिया हा जहाल पदार्थ तयार होतो. जिवाणूंचा एक वर्ग त्याचे नायट्राइट करतो, दुसरा वर्ग नायट्राइटचे त्या मानाने निरुपद्रवी असे नायट्रेट करतो. हे जिवाणू मुख्यतः स्पंजावर, वाळूवर आणि दगडांवर वस्ती करतात.

१९७८ पासून इंदुरास जलूदहून नर्मदेचे पाणी येते. शुद्धीकरणात त्यात क्लोरीन मिसळलेले असते. माणसास ते हितकर, पण त्या जिवाणूंस मारक. नळाखाली स्पंज धुतला की वसाहतीचा मोठा भाग नष्ट होतो. दोन-तीन दिवसांत अमोनिया साठतो आणि मासे बळी पडतात. समुद्राच्या पाण्याचा पी.एच. ८.१ ते ८.४ असतो. अशा पाण्यात अमोनियाचा विषारी अंश गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक असतो. शिवाय अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. पाणी निर्मळ असणे म्हणजे निर्विष असणे नव्हे. दुकानात मिळणाऱ्या चाचणी-संचाने तो मोजावा लागतो. आजोबांनी पुढील रविवारी धुण्यानंतर दोन दिवसांनी पाणी तपासले आणि नळीतील द्रव हिरवा झाला. तेव्हापासून स्पंज पेटीतूनच काढलेल्या बादलीभर खाऱ्या पाण्यात हलकेच पिळला जातो. नातू पुन्हा खाऊ घालू लागला आहे.

मृत्यूच्या खुणा कशा वाचाव्यात?

प्रत्येक घरी कारण हेच असेल असे नाही. मृत्यूची वेळ आणि क्रम यांवरून पुष्कळ उलगडा होतो.

पेटी नवी असेल आणि पहिल्या महिना-दीड महिन्यात एकामागून एक मासे जात असतील, तर जिवाणूंची वसाहत अजून बसलेली नाही असे समजावे. पेटी भरल्यावर चार ते सहा आठवडे धीर धरणे आणि मग एकेक मासा आणणे हाच उपाय.

मासे पहाटे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत असतील, तर प्राणवायू कमी पडतो आहे. खाऱ्या पाण्यात मुळातच गोड्या पाण्याहून सुमारे पाचव्या हिश्शाने कमी प्राणवायू विरघळतो, आणि पाणी तापले की तो आणखी घटतो. माळव्यातील मे महिना आणि रात्री गेलेली वीज यांचा संयोग घातक ठरतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप म्हणूनच घरी असावा.

काही तासांतच सारे मासे गेले, तर बाहेरचे विष शोधावे. घरात रंगकाम झाले का? झुरळांचे औषध फवारले का? हवेचा पंप खोलीतील हवाच पाण्यात सोडतो, हे ध्यानी ठेवावे. कोळंबी आणि गोगलगाई आधी मेल्या आणि मासे तगले, तर तांब्याचा संशय घ्यावा. पितळी तोटी किंवा तांबेयुक्त औषध यांतून तो येतो.

नुकताच आणलेला मासाच तेवढा गेला, तर प्रवासाचा शीण किंवा पाण्यातील अचानक बदल हे कारण असू शकते. पिशवी पंधरा-वीस मिनिटे पेटीत तरंगत ठेवावी, मग पेटीचे पाणी थेंबाथेंबाने पिशवीत मिसळावे. नवा मासा दोन ते चार आठवडे वेगळ्या पेटीत ठेवला, तर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग इतरांना लागत नाही.

शेवटी थोडे गणित. १०० लिटर पाण्यात सुमारे साडेतीन किलो क्षार असतात. दहा लिटर पाणी उडून गेले तरी क्षार तेवढेच राहतात, म्हणजे लिटरमागे ३५ ग्रॅमचे जवळजवळ ३९ ग्रॅम होतात. अशा वेळी खारे पाणी घातले तर खारटपणा वाढतच जातो. घट भरून काढावयाची ती क्लोरीनविरहित गोड्या पाण्यानेच. मीठही स्वयंपाकघरातले चालत नाही, कारण समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असे अनेक क्षार असतात.

संकट आलेच, तर औषधांचा मारा करू नये. मेलेला मासा काढावा, खाद्य थांबवावे, हवा वाढवावी, आणि चतुर्थांश पाणी तेवढ्याच खारटपणाच्या व तेवढ्याच उष्णतेच्या पाण्याने बदलावे. मग शांतपणे मोजमाप करून वहीत तारीखवार लिहावे.

आणखी एक विनंती. समुद्रघोडा आणि प्रवाळ यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र आहे. ते कोणी विकू केले तरी घेऊ नयेत. जोकर माशाची पैदास मात्र टाक्यांत करता येते. केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने त्याचे तंत्र आपल्या देशात विकसित केले आहे. असा टाकीत जन्मलेला मासा समुद्रातून पकडून आणलेल्या माशापेक्षा घरच्या पेटीत अधिक सहज रुळतो. ज्या जीवाला आपण त्याच्या समुद्रापासून इतके दूर आणले, त्याच्या मृत्यूचे कारण शोधणे हे आपले कर्तव्यच आहे. ते सापडेपर्यंत घरातील लेकरावर, सुनेवर किंवा नशिबावर बोट ठेवू नये.