ती गाडी गोंदियाची नव्हती

आधी चूक कबूल करतो, मग विषयाकडे वळतो. मंडळाच्या मागच्या कार्यक्रमात मी एक चित्रफीत दाखवली होती. अडीच मिनिटांची, हलती, मधूनमधून आडवी रेघ येणारी. बालाघाट स्टेशन, निळे डबे, पुढे डिझेल इंजिन. खाली मी पट्टी टाकली होती : "गोंदियाकडे निघालेली शेवटची छोटी गाडी." टाळ्या झाल्या, दोघातिघांचे डोळेही ओलावले. चहाच्या वेळी मागच्या रांगेतले एक निवृत्त गार्डकाका जवळ आले आणि हळूच म्हणाले, "साहेब, हे गाडी गोंद्याची नाही जी."

मी वाद घातला. काका हसले, "पुन्हा पाहून घ्या" एवढंच बोलले आणि दुसरा कप घेऊन निघून गेले. रात्री घरी येऊन फीत पुन्हा पाहिली, एकेक चौकट थांबवून. काका बरोबर होते. ते मला कसं कळलं, हे इथे मांडतो, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशा फिती, मोबाइलमधले तुकडे, लग्नाच्या कॅसेटमध्ये चुकून आलेली गाडी असं काही ना काही पडलेलं असणार. ते कधीचं आहे हे ठरवण्याची एक रीत आहे. मी यंत्रांचा माणूस, खाणीतले पंप आणि वाइंडर सांभाळण्यात नोकरी गेली. इतिहास नंतर शिकलो, तोही आपला आपण. त्यामुळे माझी रीत थोडी फिटरछाप आहे, चालवून घ्या.

थोडी पार्श्वभूमी. नागपूर–राजनांदगाव ही जुनी मीटरगेज लाइन बंगाल नागपूर रेल्वेने ताब्यात घेऊन मोठी केली आणि गोंदिया मुख्य मार्गावर आलं. त्या गोंदियाहून उत्तरेला सातपुडा चढण्यासाठी कंपनीने अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरची लाइन टाकली. १९०३ ते १९०५ या काळात ती बालाघाट, नैनपूर करत जबलपूरला पोचली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांच्या आठवणी तेव्हा ताज्या होत्या. लहान गेज का, याचं उत्तर सोपं : वळण आवळ घेता येतं, भराव अरुंद चालतो, पूल हलका चालतो. जंगल-डोंगरात पैसा तिथेच वाचतो. खर्च मात्र पुढे गोंदियात निघायचा. तिथे प्रत्येक पोतं, प्रत्येक लाकूड एका वाघिणीतून काढून दुसऱ्या वाघिणीत भरावं लागे. शंभर वर्षं ही हमाली चालली. छोटी लाइन गेली म्हणून हळहळणाऱ्यांनी (मीही त्यातलाच) हे विसरू नये.

मोठी लाइन म्हणजे १६७६ मिलिमीटर. गोंदिया–बालाघाट तुकडा २००५-०६ मध्ये मोठा झाला, कटंगीची शाखा २०१० पर्यंत. नैनपूरकडची छोटी गाडी मात्र २०१५ पर्यंत चालली. म्हणजे जवळपास दहा वर्षं बालाघाट स्टेशनात दोन्ही गेज शेजारीशेजारी नांदत होती. माझी चूक नेमकी या दहा वर्षांत दडलेली आहे.

आता फीत. कोपऱ्यात तारीख होती ०१.०१.२०००. तिच्यावर मी तेव्हाही विश्वास ठेवला नव्हता. कॅमेऱ्यात घड्याळासाठी एक छोटी वेगळी बॅटरी असते, ती मेली की कॅमेरा आपल्या जन्मतारखेवर जाऊन बसतो. तारीख बाद, इथपर्यंत मी शहाणा. पुढे वेडा. फीत ज्यांच्याकडून मिळाली त्यांनी "शेवटची छोटी गाडी" म्हटलं आणि "गोंदियाची" हा शब्द माझा मीच जोडला.

चौकट थांबवली तर गाडीच्या पलीकडे दुसरा रूळ दिसतो. गेज मोजायला पट्टी लागत नाही. डब्याची रुंदी आणि रुळांमधलं अंतर यांचं प्रमाण बघायचं. मोठ्या लाइनवरचा डबा सुमारे सव्वातीन मीटर रुंद, म्हणजे गेजच्या दुपटीच्या आत. छोट्या लाइनवरचा डबा गेजच्या अडीच-तीन पट, म्हणून तो नेहमी बाहेर ओथंबल्यासारखा दिसतो, लहान पोराने बापाचा कोट घातल्यासारखा. पलीकडचा रूळ या हिशेबाने मोठ्या लाइनचा होता, खाली सिमेंटचे स्लीपर. पण नुसता रूळ असणं पुरेसं नाही, काम चालू असतानाही रूळ टाकलेला असतोच. खरी खूण रुळाच्या माथ्यावर. ज्या रुळावरून गाडी जात नाही तो चार दिवसांत तांबूस होतो. रोज जात असेल तर माथा आरशासारखा घासलेला राहतो. माझ्या फितीत तो चमकत होता. म्हणजे मोठी गाडी सुरू झालेली होती. आणि गोंदियाकडे मोठी गाडी सुरू झाल्यावर छोटी गाडी त्या वाटेने जाणार कशी?

इथेच निकाल लागला होता, पण खात्रीसाठी पुढे गेलो. फलाटावरच्या माणसांच्या तोंडातून वाफ निघते. आधी बिडीचा धूर वाटला, पण स्वेटर घातलेल्या पोरीच्या तोंडातूनही निघते. थंडीतली सकाळ. सावल्या लांब, आणि गाडी ज्या दिशेने निघते त्या दिशेच्या डावीकडे, थोड्या पुढे पडलेल्या. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवतो, सावली वायव्येला जाते. म्हणजे गाडी उत्तरेकडे तोंड करून आहे. गोंदिया दक्षिणेला. शेवटी आवाज वाढवून ऐकलं : इंजिनाच्या भोंग्याआड भोंगळ आवाजात एक शब्द सापडतो, "नैनपूर". हा शब्द मी कार्यक्रमाआधी निदान वीस वेळा ऐकला असेन. ऐकू आला नाही, कारण ऐकायचा नव्हता.

आता बाकीच्या खुणा, तुमच्या फितींसाठी. विटकरी रंगाचे डबे दिसले तर साधारण नव्वदीच्या दशकातलं किंवा त्याआधीचं चित्रण. निळा रंग त्यानंतर पसरला. गाडीच्या पाटीवर क्रमांक असेल तर आकडे मोजा : मेल-एक्सप्रेस गाड्यांचे क्रमांक २० डिसेंबर २०१० पासून पाच आकडी झाले. मोठ्या लाइनच्या डब्यावर पाच आकडी नंबर असेल तर पहिले दोन आकडे बहुधा बांधणीचं साल सांगतात. आणि सगळ्यांत मोलाची जागा म्हणजे डब्याचं टोक, जिथे कुणी कॅमेरा नेत नाही. तिथे वर्कशॉपमध्ये मोठी दुरुस्ती केव्हा झाली आणि परत केव्हा यायचं, त्या तारखा रंगवलेल्या असतात. चित्रण त्या दोन तारखांच्या मधलं. यापेक्षा सरळ पुरावा मिळणं कठीण.

डेमू आणि मेमू यांत लोक घोटाळा करतात. डेमूच्या टोकाच्या डब्यात डिझेल इंजिन बसवलेलं असतं, त्याची घरघर फितीत स्पष्ट येते. मेमू विजेवर चालते, वर तारेला टेकलेला पेंटोग्राफ दिसतो. तारांचे खांबच नसतील तर मेमू नाही, वाद संपला. दोन्हींना दोन्हीकडे चालकाची केबिन. शेवटच्या स्टेशनावर याचा अर्थ काय, हे ज्यांनी जुनी पॅसेंजर पाहिली त्यांनाच कळेल. तेव्हा इंजिन सुटायचं, बाजूच्या रुळावरून फिरून दुसऱ्या टोकाला यायचं, कपलिंग जोडायचं, ब्रेक तपासायचा. तेवढ्या वेळात वारासिवनीच्या बाजारातून आलेली मंडळी चहा पिऊन, भांडण करून, समेट करून परत जागेवर बसायची. आता चालक एका टोकातून उतरतो, चालत दुसऱ्या टोकाला जातो, गाडी निघते. फितीत इंजिन फिरताना दिसलं तर समजा, जुना काळ.

मुंबईत हे छंद करणारे पुष्कळ. तिथे ३ फेब्रुवारी १९२५ ला विजेची पहिली लोकल धावली आणि १५०० व्होल्ट डीसीची अखेरची लोकल २०१६ मध्ये हार्बरवर संपली, तेव्हा फलाटावर कॅमेऱ्यांची झुंबड होती. ब्रिटनमध्ये तर इयन अ‍ॅलन यांनी १९४२ मध्ये इंजिनांच्या नंबरांची पुस्तिका काढली आणि पोरं वही घेऊन पुलांवर उभी राहू लागली. आपल्या देशात सिनेमाच मुळी गाडीसोबत आला : ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या ज्या फिती दाखवल्या त्यांत गाडी स्टेशनात येतानाची एक होती. पण बालाघाट–कटंगीची पॅसेंजर कोण टिपणार? इथे जे आहे ते अपघाताने आहे. म्हणून एका एका फितीची तारीख नीट लावावी लागते. शंभर कॅमेरे असतील तिथे एकाची चूक दुसरा सुधारतो, इथे माझी चूक सुधारायला एक गार्डकाका होते, आणि तेही त्या दिवशी गुडघा दुखतो म्हणून येणार नव्हते.

आता मी इतका आंधळा का झालो ते सांगतो. गोंदियाची छोटी गाडी बंद होण्याच्या आठवड्यात मी स्वतः मेहुण्याचा कॅमेरा मागून स्टेशनावर गेलो होतो. अकरा मिनिटं चित्रण केलं. इंजिन केलं, डबे केले, दुधाच्या कॅन खिडकीबाहेर लटकवणारे गवळी केले. कॅसेट कपाटात ठेवली, वर काही लिहिलं नाही. काही महिन्यांनी घरात भाचीची हळद होती, नवी कॅसेट सापडेना, कोणी तरी तीच घातली. कोणी तरी म्हणजे मी. कळलं तेव्हा हळद, मेंदी, सीमांतपूजन सगळं वर चढलेलं होतं. बायकोला अजून पूर्ण हकिगत माहीत नाही, हा लेख वाचला तर कळेल. ती अकरा मिनिटं मला कुठून तरी परत हवी होती, आणि कुणीतरी अडीच मिनिटं हातात दिली. रुळाचा माथा कोण बघतो मग!

कार्यक्रमातली पट्टी आता बदलली आहे : "बालाघाटहून नैनपूरकडे निघालेली छोटी गाडी, हिवाळा, २००६ ते २०१५ मधला." शेवटची आहे की नाही, यावर पट्टीत एक अक्षर नाही.

आणि एक. काकांच्या बोलण्यानंतर ती हळदीची कॅसेट मी पुन्हा शेवटपर्यंत चालवली. सीमांतपूजन संपतं, पडदा क्षणभर काळा होतो, आणि चाळीस सेकंद स्टेशन येतं. वर चित्रण पोचलं नव्हतं तेवढा तुकडा. गाडी त्यात नाही. रिकामा फलाट, एक माणूस पाठमोरा, डोक्यावरचा टॉवेल झटकतोय. पण गाडीचा आवाज आहे, लांब जाणारा. जुन्या लाइनवर रूळ फिशप्लेटने जोडलेले, प्रत्येक जोडावर चाक खटका देतं. नव्या लाइनवर लांबच लांब जोडलेले रूळ, तो खटका गेला. खटक्यांवरून वेग काढता येतो : रूळ दहा मीटरचा आणि मिनिटाला चाळीस जोड, तर ताशी चोवीस किलोमीटर. पण त्या लाइनचा रूळ मी कधी मोजला नाही, म्हणून वेग सांगणार नाही. खटक्यांमधलं अंतर मात्र स्टॉपवॉच घेऊन मोजलं. सुरुवातीला दीड सेकंदाच्या आसपास, शेवटी एक सेकंदाहून कमी. गाडी वेग घेत होती, म्हणजे सुटलेली होती. ही गोंदियाकडेच, कारण तिथे मी उभा होतो.

पुढच्या बैठकीला ती चाळीस सेकंद आणतोय. काकांनाही सांगितलंय, रिक्षा पाठवतो म्हणून.