पोकळ मुठीचा चाकू

मागच्या डिसेंबरात भाचा आणि त्याच्या तीन मित्रांबरोबर राजमाचीला गेलो होतो. उधेवाडीत ज्या घरी मुक्काम होता तिथे संध्याकाळी चुलीसाठी लाकडं फोडायचं काम निघालं, आणि भाच्याने सॅकमधून मोठ्या दिमाखात एक चाकू काढला. पाठीवर करवतीसारखे दात, मुठीला हिरवी दोरी गुंडाळलेली, बुडाशी फिरकीचं झाकण आणि झाकणात होकायंत्र. "मामा, रॅम्बोचा आहे. अमेरिकन आर्मीवाले हाच वापरतात." त्याने पातं ओंडक्यावर टेकवलं आणि दुसऱ्या लाकडाने वरून ठोके घातले. पाचव्या ठोक्याला पातं लाकडात राहिलं आणि मूठ त्याच्या हातात आली. काड्यापेटीच्या काड्या, सुई-दोरा आणि मासे पकडायचा गळ अंगणभर सांडला. घरातल्या बाबांनी काही न बोलता कोयता आणला, दहा मिनिटांत लाकडं फोडली आणि ते आत चहा सांगायला गेले.

"आर्मीवाले हाच वापरतात" हे वाक्य मी गेली वीस-पंचवीस वर्षं ऐकतोय. ट्रेकच्या ग्रुपवर, फुटपाथवरच्या दुकानात, आणि चांगल्या शिकल्यासवरल्या, मेकॅनिकल इंजिनीयर असलेल्या माणसांच्या तोंडून. त्यामुळे आता जरा नीट बोलूनच घेतो.

हा चाकू कुठल्याही सैन्याने काढलेला नाही, तो एका चित्रपटासाठी बनला. डेव्हिड मोरेल यांची 'फर्स्ट ब्लड' ही कादंबरी 1972 ची. तिच्यात हा चाकू नाही. पोलीस ठाण्यातून पळताना तिच्या नायकाच्या, रॅम्बोच्या, हातात येतो तो दाढीचा वस्तरा. कादंबरीवरून 1982 मध्ये टेड कोचेफ यांनी चित्रपट केला, तेव्हा आर्कान्सॉतल्या रसेलव्हिल गावचे चाकू-कारागीर जिमी लाइल यांच्याकडून हा चाकू घडवून घेतला गेला. पातं साधारण 9 इंची, मूठ पोकळ, आत काड्या आणि सुई-दोरा. दुसऱ्या भागासाठी (1985) त्यांनीच आणखी मोठा, काळ्या पात्याचा केला. खऱ्या सैन्यात मात्र व्हिएतनामात लढलेल्या अमेरिकन मरीनच्या कमरेला सरकारने दिलेला जो चाकू असे तो 1942 पासून चालत आलेला 'का-बार', 7 इंची पात्याचा, कातड्याच्या चकत्या रचून केलेल्या मुठीचा. दिसायला अगदीच मास्तर माणूस. त्याच्यावर कुणी पोस्टर काढत नाही.

आता या गैरसमजात सत्याचा एक कण आहे, तोही सांगायला हवा, नाहीतर कुणीतरी हटकून पत्र लिहील. पोकळ मुठीची कल्पना लाइल यांची नाही. फ्लोरिडातल्या ऑर्लँडोच्या रँडल यांनी 1960 च्या दशकातच, व्हिएतनाममध्ये असलेल्या एका लष्करी डॉक्टरच्या सूचनेवरून, 'मॉडेल 18' नावाचा तसा चाकू बाजारात आणला होता. काही सैनिकांनी तो स्वतःच्या पैशाने विकत घेतला. पण सैनिकाने खिशातून घेणं वेगळं आणि सैन्याने देणं वेगळं. जवान घरून लोणचं घेऊन जातो म्हणून ते लष्कराचं लोणचं होत नाही.

पाठीवरच्या दातांचंही तसंच. माझ्या भाच्यासकट सगळ्यांना वाटतं की ती लाकूड कापायची करवत आहे. लाकडाच्या करवतीचे दात नीट बघा: एक डावीकडे, एक उजवीकडे असे आलटून पालटून किंचित वाकवलेले असतात, म्हणजे खाच पात्यापेक्षा रुंद पडते आणि भुसा बाहेर येतो. चाकूच्या जाड पाठीवर कोरलेले दात असे नसतात. चार वेळा ओढलं की भुसा दातांत बसतो आणि पातं अडकतं. या दातांचा हेतू वेगळा होता. अमेरिकन हवाई दलाच्या वैमानिकांना जो 5 इंची चाकू मिळतो त्याच्या पाठीला दात आहेत ते पडलेल्या विमानाचा पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा फाडून बाहेर पडता यावं म्हणून. राजमाचीला जाताना आपलं विमान पडण्याची शक्यता किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. उलट या दातांमुळे दोन तोटे होतात: पाठीवर अंगठा टेकवून बारीक काम करता येत नाही, आणि पाठीवर लाकूड हाणलं की दात ते लाकूडच कुरतडतात.

पण दात हा किरकोळ मुद्दा आहे. भाच्याचा चाकू मोडला तो मुठीपाशी.

चाकू ही एक तरफ आहे. पात्याच्या टोकाकडे ठोका घातला किंवा टोक अडकवून काही उचकटायला गेलं, की वाकवणारा सगळा ताण पातं मुठीत शिरतं त्या जागी गोळा होतो. म्हणून चांगल्या चाकूत पोलाद तिथे संपत नाही. ते शेपटासारखं मुठीत आत जातं. चाकूवाले याला 'टँग' म्हणतात. स्वयंपाकघरातला जरा बरा चाकू घ्या, मुठीच्या दोन लाकडी फाळ्यांच्या मधून पोलादाची पट्टी शेवटपर्यंत गेलेली दिसेल, तीन रिव्हेटा मारलेली. बाबांच्या कोयत्याचं शेपूट लाकडी मुठीत ठोकून घातलेलं होतं, तोंडाशी लोखंडी कडं बसवलेलं होतं. ताण लांबीभर वाटला जातो, एका जागी साचत नाही.

आता मुठीत काड्या आणि सुई-दोरा ठेवायचा तर शेपूट कुठे जाणार? ते कापावंच लागतं. मग उरलेलं आखूड बुड नळीच्या तोंडाशी डाग देऊन, पिन मारून किंवा आटे पाडून जोडतात. लाइल किंवा रँडल यांच्यासारखा कारागीर हा जोड जिवापाड काळजीने करतो. बाजारातल्या नकलेत काय असतं ते आम्ही त्या रात्री टॉर्चच्या उजेडात बघितलं: पात्याला बोटाच्या पेराएवढा आटे पाडलेला तुकडा, आणि नळीच्या आतून आवळलेला एक नट. सायकलची घंटा बसवायला पुरेल एवढाच.

बरं, हे सगळं कशासाठी? मुठीतला ऐवज शर्टाच्या खिशातल्या छोट्या डबीत मावतो. झाकणाची रबरी चकती सैल असली की काड्या पहिल्याच पावसात सादळतात. आणि होकायंत्र! पोलादाच्या इतक्या जवळ होकायंत्र ठेवलं तर सुई चळण्याची भीती, म्हणजे दिशा बघायची तर झाकण काढून चाकूपासून लांब धरा. मग ते चाकूवर कशाला हवं होतं, असा प्रश्न मी भाच्याला विचारला. तो म्हणाला, "मामा, भारी दिसतं." हे मात्र मान्य.

याच्या उलटा गैरसमजही ऐकू येतो, तो जाणकारांत जास्त: पोकळ मूठ म्हणजे हमखास कचरा. तसंही नाही. मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, नंतर अमेरिकेत आयडाहोमध्ये स्थायिक झालेले क्रिस रीव्ह यांनी पातं आणि मूठ पोलादाच्या एकाच गजातून कोरून पोकळ मुठीचे चाकू केले. जोडच नाही, तर तुटणार काय? फक्त एवढं यंत्रकाम झाल्यावर किंमतही तशीच होते. पोकळीला दोष नाही, जोडाला आहे.

रॅम्बोच्या चाकूबद्दल आणखी एक गोष्ट लोक ठामपणे सांगतात, ती म्हणजे पहिल्या चित्रपटात त्याने या चाकूने कितीतरी माणसं मारली. चित्रपट पुन्हा बघा. 'फर्स्ट ब्लड'मध्ये रॅम्बो या चाकूने एकाही माणसाला ठार करत नाही. पोलिसांना जखमी करतो, शेरीफच्या गळ्याला लावून त्याला दम देतो आणि सोडून देतो. लक्षात राहणारा प्रसंग म्हणजे तो मुठीतला सुई-दोरा काढून स्वतःच्या दंडाची जखम शिवतो. मुडदे पडू लागतात ते दुसऱ्या भागापासून, आणि आपल्या आठवणीत दोन्ही चित्रपट एकमेकांत मिसळले आहेत. माझ्या मते या चाकूची सगळी जादू त्या शिवण्यात आहे. ज्याच्याजवळ दुसरं काहीच उरलेलं नाही त्याच्याजवळचं हे एकमेव बिऱ्हाड.

संग्राहक नेमकं हेच विकत घेतो, आणि त्याला ते पक्कं ठाऊक असतं. त्याला लाकडं फोडायची नसतात. तो विचारतो की घडवला कुणी, क्रमांक कितवा, कागद आहेत का. लाइल यांनी चित्रपटातल्या चाकूंच्या मर्यादित, क्रमांक घातलेल्या प्रती स्वतः काढल्या. 1991 मध्ये ते गेले, त्यामुळे त्या संख्येत आता भर पडणार नाही. तिसऱ्या चित्रपटाचा (1988) चाकू गिल हिबेन यांनी केला, आणि त्यातून पाठीचे दात आणि पोकळ मूठ दोन्ही गेले. 'कमांडो' (1985) आणि 'प्रेडेटर' (1987) यांतले चाकू जॅक क्रेन यांचे. अशा वस्तूंच्या बाजारात नवखा माणूस फसतो तो 'चित्रपटातला खरा चाकू' या शब्दांना. चित्रपटात खरा चाकू एक नसतोच. जवळून टिपायच्या दृश्याला पोलादाचा, मारामारीला रबराचा, अशा अनेक प्रती असतात. सेटवर गेल्याचा पुरावा असलेली रबरी प्रत ही सेटवर कधीच न गेलेल्या उत्तम पोलादी प्रतीपेक्षा मोलाची ठरू शकते. हे ऐकून भाचा हसला. पण आजीच्या पातळाची गोधडी आपण जपतो ती काय कापडाच्या दर्जासाठी?

पोलादाबद्दल एकच सूचना: पात्यावर नुसतं '440' कोरलेलं असेल तर हुरळू नका. त्या पोलादाचे ए, बी, सी असे प्रकार आहेत. सी मध्ये कार्बन सगळ्यात जास्त, सुमारे 1 टक्का, म्हणून तो धार जास्त टिकवतो. अक्षर लिहिलेलं नसेल तर ते बहुधा न लिहिण्यासारखं असतं.

या सगळ्या चित्रपटी चाकूंचा आजोबा म्हणजे बोवी नाइफ. टोकाशी पाठ आत वळलेली, रुंद, ऐसपैस पात्याचा. हा आकार जिम बोवीचाच, असं सर्रास छापलं जातं. बोवी गाजला तो 19 सप्टेंबर 1827 रोजी मिसिसिपीच्या वाळूच्या बेटावर झालेल्या मारामारीमुळे. गोळ्या आणि वार झेलूनही त्याने चाकूने प्रतिस्पर्ध्याला मारलं. पण त्याचा भाऊ रेझिन याने 1838 मध्ये एका वृत्तपत्राला पत्र पाठवून सांगितलं की पहिला चाकू आपण शिकारीसाठी करवून घेतला होता: सव्वानऊ इंच लांब, दीड इंच रुंद, एका बाजूला धार आणि पातं सरळ, वक्र नाही. म्हणजे मोठ्या सुरीसारखंच काहीतरी. आज डोळ्यांपुढे येणारं देखणं रूप पक्कं करण्यात हॉलीवूडचा, विशेषतः 1952 च्या 'द आयर्न मिस्ट्रेस' या चित्रपटाचा, मोठा हात आहे. 'क्रोकोडाइल डंडी'चा (1986) चाकूही याच घराण्यातला. त्याला ऑस्ट्रेलियन आदिवासींचं पारंपरिक हत्यार समजणाऱ्यांनी शांतपणे घरी जावं.

राहिलेले गैरसमज भराभर. पात्यावरची लांबट खाच 'रक्त वाहून जायला' नसते. ती वजन कमी करते आणि पातं ताठ ठेवते, लोखंडी तुळईला मधे बारीक ठेवतात तसं. कातडी म्यानातून चाकू काढताना खणखणाट होत नाही, तो आवाज स्टुडिओत घातलेला असतो. पाठीचे दात जखम भयंकर करण्यासाठी असतात, ही समजूत पहिल्या महायुद्धातल्या प्रचाराइतकी जुनी आहे. तेव्हा काही जर्मन संगिनींना लाकूड कापायला दात होते, आणि ओरड झाल्यावर ते घासून काढावे लागले. आणि हिंदी चित्रपटातला खटक्याचा रामपुरी ही काही निव्वळ पटकथाकारांची कल्पना नाही. उत्तर प्रदेशातलं रामपूर खरोखर चाकूंसाठी प्रसिद्ध आहे आणि 2023 मध्ये त्या शहराने चौकात सुमारे 20 फुटी चाकू उभा केला.

शेवटचा गैरसमज मात्र महागात पडू शकतो: "ऑनलाइन मिळतो म्हणजे कायदेशीर." केंद्राच्या शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामाची हत्यारं त्यातून वगळली आहेत. बाबांचा कोयता शेतीचा आहे. पाठीला दात आणि बुडाला होकायंत्र असलेली वस्तू कुठल्या शेतीची, हे हवालदाराला समजावणं कठीण जाईल. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई आदेश लागू असेल तर इंच मोजायचं कारणच नाही. त्यात चाकू तर येतातच, काठ्यासुद्धा येतात. भाच्याचं पातं मी त्या रात्री वीत लावून बघितलं होतं. माझी वीत नऊ इंचांची आहे, आणि पातं तिच्याबाहेर अर्धं बोट उरत होतं.

सकाळी निघताना भाच्याने ते पातं बाबांपुढे धरलं. म्हणाला, तुम्हीच ठेवा, लाकडी मूठ ठोकून घ्या, कामाला येईल. बाबांनी ते हातात घेऊन उलटसुलट केलं, बुडाकडचा तो आटे पाडलेला तुकडा अंगठ्याने चाचपला आणि परत दिलं.

"मूठ ठोकीन रं. पण ठोकायला काय ठिवलंच न्हाई की याला."